ऋण आणि जाण

आमच्या ज्ञातिमंडळाच्या दफ्तरात दर वर्षी श्रावण सरता सरता पत्रांचा एक गठ्ठा जमा होतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या ज्या मुलामुलींना मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून शुल्कासाठी अथवा वसतिगृहाच्या खर्चासाठी काही रक्कम मंजूर होते, त्यांनी ती हाती पडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत चिटणिसांच्या नावे आभाराचे पत्र लिहावे, अशी अट अर्जाच्या छापील नमुन्यात अगदी शेवटच्या ओळीत घातलेली आहे. ती कोणी घातली आणि केव्हा घातली हे आज कोणालाच सांगता येत नसले, तरी तिची अंमलबजावणी मात्र कसोशीने होत आलेली आहे. ही पत्रे वाचून त्यांवर ‘पाहिले’ असा शेरा मारण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे.

यंदाच्या गठ्ठ्यात बेचाळीस पत्रे होती, आणि त्यांपैकी एकेचाळीस इतकी एकसारखी होती, की खालची सही झाकली तर कोणते कोणाचे हे लिहिणारालाही ओळखता आले नसते. ‘आपल्या बहुमोल साहाय्याबद्दल मी आपला आजन्म ऋणी राहीन’ हे वाक्य सर्वांत होते. कोठल्याशा जुन्या पत्रावरून ते एका तुकडीने दुसरीस उतरवून दिले असावे. मी मुलांना बोल लावीत नाही. तगादा लावून वसूल केलेले आभार याहून निराळे असणार तरी कसे? बेचाळिसावे पत्र रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीचे होते, आणि ते वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेले होते. त्यात ऋणाचा उल्लेख नव्हता, हिशेब होता. शुल्क भरून उरलेल्या रकमेतून तिने एसटीचा पास काढला होता आणि प्रयोगशाळेत घालावयाचा पांढरा कोट विकत घेतला होता, कारण आजवर मैत्रिणीकडून मागून आणलेला कोट बाह्यांत आखूड पडे आणि आम्लाचे थेंब मनगटावर उडत. शेवटी तिने विचारले होते: ‘हे पैसे मुळात कोणाचे, हे कळेल का? मंडळाचे म्हणजे कोणाचे?’

त्या पत्रावर मला ‘पाहिले’ असा शेरा मारवेना. साठ वर्षांपूर्वी याच निधीतून दरमहा पंधरा रुपये घेऊन मी शिकलो आहे, आणि हा प्रश्न त्या वेळी मलाही पडावयास हवा होता. पण मला दुसराच प्रश्न पडला होता, आणि तो विचारण्याचे धैर्य मला झाले नव्हते.

त्या काळी रक्कम टपालाने येत नसे. वार्षिक समारंभात साहाय्य मिळालेल्या विद्यार्थ्यांना व्यासपीठावर एका रांगेत उभे करीत, प्रत्येकाचे नाव, परीक्षेतील गुण आणि वडिलांचा व्यवसाय मोठ्याने वाचून दाखवीत, मग पाकीट हाती देत, आणि विद्यार्थ्याने वाकून नमस्कार करावा अशी रीत असे. माझ्या पाळीस चिटणिसांनी वाचले: ‘वडील नाहीत. आई लोकांचे कपडे शिवते.’ वाचणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. अर्जात मीच जे लिहिले होते तेच त्यांनी वाचले. तथापि पहिल्या ओळीत बसलेल्या एका बाईंनी सहानुभूतीने जो सुस्कारा टाकला, तो मी अद्यापि विसरलेलो नाही. पाठ केलेले आभाराचे चार शब्द मी बोललो, पाकीट खिशात घातले आणि घरी चालत आलो. त्या पंधरा रुपयांवाचून माझे शिक्षण थांबले असते हे मला पुरते ठाऊक होते, आणि ते देणाऱ्यांविषयी माझ्या मनात खरोखरीच आदर होता. असे असूनही चालताना मला राग येत होता, आणि हा आदर आणि हा राग एकाच मनात शेजारी शेजारी कसे राहू शकतात, हे कोडे काही केल्या सुटत नव्हते.

पुढे कधीतरी ध्यानात आले, की हे कोडे आपल्या भाषेने आधीच सोडवून ठेवले आहे. उपकार घेणाऱ्याच्या मनःस्थितीला मराठीत एक शब्द नाही, दोन आहेत. एक ‘मिंधा’ आणि दुसरा ‘कृतज्ञ’. मिंधा झालेला मनुष्य देणाऱ्यासमोर मान वर करीत नाही, त्याच्या चुकीला चूक म्हणत नाही, आणि रस्त्यात तो दिसला तर शक्य तोवर दुसऱ्या बाजूने जातो. कृतज्ञ या शब्दात ओझ्याची अथवा वाकण्याची कल्पनाच नाही. जे केले गेले ते जो जाणतो तो कृतज्ञ. आणि जे केले गेले त्याचा जो घात करतो तो कृतघ्न. आपण बोलतानाही ‘उपकाराची जाण’ म्हणतो. म्हणजे कृतज्ञता हा ज्ञानाचा एक प्रकार ठरतो, आणि ज्ञानाने मनुष्य लहान होत नाही. त्या सायंकाळी व्यासपीठावर मजकडून मागितला गेला तो मिंधेपणा. आणि कृतज्ञ होण्यास जे जाणणे अवश्य होते, म्हणजे हा पैसा कोणी, कशातून आणि का दिला, ते मात्र मला कोणीच सांगितले नव्हते.

दानाच्या या दुसऱ्या अंगाचा, म्हणजे घेणाऱ्याच्या मानाचा, विचार आपल्या धर्मग्रंथांनी केला नाही असे नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: जो परत काही करू शकणार नाही त्याला, केवळ द्यावयाचे म्हणून, स्थळ-काळ-पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक, परतफेडीवर अथवा फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस, आणि अस्थानी, अपात्री, अनादराने व अवहेलनेने दिलेले ते तामस. आपली कीर्तने-प्रवचने या वर्गीकरणातील ‘पात्र’ या शब्दावर फार रेंगाळतात आणि ‘अनादर’ या शब्दावरून भरकन पुढे जातात. दान योग्य माणसाला पोचले, रक्कम चोख पोचली, तरी ते देताना घेणाऱ्याची अवहेलना झाली तर त्यास तामसपणाचा डाग लागतो, हा त्या श्लोकाचा रोख, द्रव्य देणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपल्या कचेरीत लावून ठेवण्यासारखा आहे. उलट बाजूने मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, प्रतिग्रहाचा अधिकार असलेल्या ब्राह्मणालाही त्याची सवय लावून घेऊ नये असे बजावले आहे, कारण घेत राहण्याने अंगचे तेज मावळते. समाजरचनेच्या प्रश्नात मनूशी माझे पटणे शक्य नाही. पण घेण्याने माणसातील काहीतरी विझू शकते, हे त्याचे निरीक्षण मला व्यासपीठावरून उतरताना अनुभवास आले होते.

मग जे घेतले ते फेडून टाकावे आणि मोकळे व्हावे, हा मार्ग सरळ दिसतो. पहिल्या पगाराच्या दिवशी मीही तसेच ठरविले होते. पंधरा रुपये दरमहाप्रमाणे चार वर्षांची रक्कम काढली, ती हप्त्याहप्त्याने मंडळाच्या खजिनदारांकडे भरली आणि पावत्या जपून ठेवल्या. शेवटची पावती हाती आली तेव्हा मोकळे वाटेल अशी अपेक्षा होती. तसे वाटले नाही. रक्कम फिटली होती, पण ज्या वेळी ती मिळाली ती वेळ कोठे फिटली होती? तहानेच्या वेळी मिळालेले तांब्याभर पाणी पावसाळ्यात घागरभर परत नेऊन दिले, तर हिशेबाने ते जास्तच भरेल. पण त्याला फेड म्हणता येत नाही.

या अडचणीचे उत्तर मला ऋणाच्या वैदिक कल्पनेत सापडले. तैत्तिरीय संहिता सांगते, की ब्राह्मण जन्मास येतो तोच तीन ऋणे घेऊन: ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फिटते. लहानपणी हे वाचताना ती एक कर्जवसुलीची यादी वाटली होती. परंतु नीट पाहिले असता असे दिसते, की यांतील दोन ऋणे ज्याची त्याला परत देताच येत नाहीत. ज्या ऋषींनी विद्या दिली त्यांना ती विद्या परत देऊन काय होणार? ती आपण शिकावयाची आणि पुढे चालवावयाची. बापाचे ऋण बापाला परत देता येत नाही. ते मुलाच्या स्वाधीन करावे लागते. ऋणकोने धनकोकडे पाठ फिरवून तिसऱ्यालाच रक्कम द्यावी आणि खाते मिटावे, अशी ही विलक्षण खतावणी आहे. शतपथ ब्राह्मणाने या तिहींत चौथे, माणसांचे ऋण मिळविले आहे. आणि ते फेडण्याचा उपाय सांगितला आहे तो असा, की माणसांना आसरा द्यावा आणि अन्न द्यावे. घरोघर वार लावून जेवलेल्या आणि वसतिगृहांतून शिकलेल्या महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना या वाक्यावर भाष्याची गरज पडू नये.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की कृतज्ञता म्हणजे जाणणे असे एकदा म्हटले, म्हणजे कृतघ्नाला पळवाट मिळाली. मनातल्या मनात जाणावे आणि खिशाला तोशीस लागू देऊ नये. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर बौद्धांच्या पाली ग्रंथांत आहे. अंगुत्तर निकायात जगात दुर्लभ अशी दोन माणसे सांगितली आहेत. एक ‘पुब्बकारी’, म्हणजे कोणी काही केलेले नसताना आपण होऊन आधी उपकार करणारा. दुसरा ‘कतञ्ञू कतवेदी’, म्हणजे केलेले जाणणारा आणि ते जाणल्याचे प्रकट करणारा. नुसते जाणणे पुरत नाही म्हणून दुसरा शब्द जोडला आहे. शिवाय दोघांना एका पंक्तीस बसविले आहे. देणारा पाटावर आणि घेणारा जमिनीवर, अशी ती बैठक नाही. देणाऱ्याची मात्र एक दुर्बलता ॲरिस्टॉटलने अचूक हेरली आहे. उपकार करणाऱ्याचे प्रेम उपकृताहून अधिक असते, कारण कारागीर आपल्या कृतीवर जसे प्रेम करतो तसे तो उपकृतावर करतो, असे तो म्हणतो. हे प्रेम खोटे नव्हे. पण मडक्याने आयुष्यभर कुंभाराचे नाव सांगत हिंडावे, अशी अपेक्षा त्यातूनच उपजते, आणि समारंभांच्या रांगा तेथूनच सुरू होतात.

जाणणे आणि मिंधे न होणे ही दोन्ही एका ठिकाणी कशी नांदतात याचे उदाहरण हवे असेल, तर डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात ते आहे. मुंबईत पदवीसाठी शिकत असता सयाजीराव गायकवाडांकडून त्यांना दरमहा पंचवीस रुपये मिळत, आणि १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करावी, असा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्यास रुजू झाले, आणि त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत, आणि ज्या पारशी पथिकाश्रमात ते उतरले होते तेथून त्यांना घालवून देण्यात आले. करार तसाच टाकून ते मुंबईस परतले. मिंध्या माणसाने हे मुकाट्याने सोसले असते. आणि सामान्य माणसाने त्या अपमानाच्या भरात मूळ उपकारही विसरून टाकला असता. आंबेडकरांनी दोन्ही केले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो त्यांनी आपल्या शिक्षणास झालेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञतेने सयाजीरावांना अर्पण केला. बडोदे शहराने काय केले हेही त्यांनी जाणले होते आणि बडोद्याच्या महाराजांनी काय केले हेही. एका जाणिवेने दुसरी पुसू दिली नाही. आणि ऋणाची फेड पाहावयाची असेल, तर पुढे त्यांनी काढलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांत ती पाहावी.

राहिला बंधुभावाच्या हद्दीचा प्रश्न, आणि तो आमच्यासारख्या मंडळांना सर्वांत अवघड आहे. बंधुसंघाने आपल्या बंधूंच्या मुलांना शिकवावे, ही रीत जगभर आहे. इंग्लंडातील फ्रीमेसन बंधूंनी १७८८ मध्ये आपल्या निधन पावलेल्या अथवा विपन्न झालेल्या बंधूंच्या मुलींसाठी शाळा काढली. आपल्याकडे शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढून दिले आणि पाठोपाठ इतर जातिधर्मांच्या वसतिगृहांना जागा, इमारती आणि उत्पन्ने तोडून दिली. जेथे पाणी भरण्याचीही जागा जातीने ठरत होती, तेथे शिक्षणाचे दार उघडण्यास तीच किल्ली हाताशी होती. पण किल्लीचे काम दार उघडण्याचे असते. ती जन्मभर कंबरेला बांधून हिंडण्यासाठी नसते.

ही गोष्ट त्याच कोल्हापुरातील एका विद्यार्थ्याने समजून घेतली. भाऊराव पाटील दक्षिण भारत जैन सभेच्या वसतिगृहात राहत असता, अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांची चरित्रे सांगतात. ज्या ज्ञातिबंधूंच्या अन्नावर वाढला त्यांचाच नियम मोडला, असा कृतघ्नतेचा आरोप त्यांच्यावर त्या वेळी सहज करता आला असता. परंतु १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले. तेथे मुले स्वतः पाणी भरीत, स्वतः भाकऱ्या थापीत आणि एका पंक्तीस बसून जेवीत. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडावयास दिले. आपल्या जातीच्या बोर्डिंगात मिळालेल्या अन्नाची फेड भाऊरावांनी त्या बोर्डिंगाला केली नाही, साऱ्या रयतेला केली; आणि शतपथकारांची चौथ्या ऋणाची अट कोणी शब्दशः पाळली असेल, तर ती यांनी. जी कृतज्ञता देणाऱ्याच्या दारापाशीच अडखळते ती इमानदारी असेल, निष्ठाही असेल. तिला जाण म्हणण्यास मन धजत नाही. कारण ज्याने खरोखर जाणले, त्याने हेही जाणले असले पाहिजे, की आपल्यासारखीच गरज पलीकडच्या आळीतही आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी मंडळाच्या माळ्यावरच्या जुन्या कीर्दी खाली काढविल्या. कसरीने खाल्लेली पाने जपून उलटावी लागली. निधीच्या जमेच्या बाजूला मोठ्या रकमा अगदीच थोड्या आहेत. एका पोस्टमनचे दरमहा चार आणे सलग एकोणीस वर्षे जमा झालेले आहेत, आणि विसाव्या वर्षी त्याच्या नावापुढे ‘कैलासवासी’ असे लिहिले आहे. एका विधवा बाईने पाटल्या मोडून दिलेले एकशे दहा रुपये आहेत. पुढे कारकुनाने बारीक अक्षरात ‘नाव छापू नये’ असे टिपले आहे. ‘जुना विद्यार्थी, पहिला पगार, रुपये पाच’ अशा नोंदी तर पानोपानी आहेत. खर्चाच्या बाजूला एके ठिकाणी माझे नाव आणि पंधराचा आकडा आहे. माझ्या शुल्कात पोस्टमनची पायपीट होती आणि एका बाईच्या हातातल्या पाटल्या होत्या, हे मला वयाच्या ऐंशीच्या घरात, एका विद्यार्थिनीने विचारले म्हणून कळले. पावत्या जपून ठेवून मी ज्यांचे देणे फेडले असे समजत होतो, त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते.

आणखी एक नोंद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘परज्ञातीय गृहस्थ, नाव सांगत नाहीत, रुपये पंचवीस.’ ते कोण, आणि आमच्या मुलांसाठी त्यांनी ते का दिले, हे आता समजण्याचा मार्ग उरलेला नाही. परंतु घेताना आमच्या मंडळाने हद्द पाहिली नव्हती, एवढे त्या एका ओळीने कायमचे नोंदवून ठेवले आहे.

त्या मुलीला मी त्या पानांच्या नकला करून पाठविल्या. सोबत एवढेच लिहिले, की मंडळाचे म्हणजे या माणसांचे. कार्यकारिणीच्या गेल्या बैठकीत मी दोन ठराव मांडले. आभारपत्राची अट छापील नमुन्यातून काढून टाकावी आणि तिच्या जागी निधीच्या जुन्या जमेची दोन पाने छापावीत, हा पहिला. तो एकमताने संमत झाला. अर्जातील ज्ञातीचा रकाना काढून टाकावा, हा दुसरा. तो चार विरुद्ध पाच मतांनी फेटाळला गेला. पुढील बैठक माघात आहे. त्या परज्ञातीय गृहस्थांच्या पंचवीस रुपयांची नोंद घेऊन मी तो ठराव पुन्हा मांडणार आहे.